रोख्यांचा कायदा आणि गावकुसाबाहेरचा गुंतवणूकदार

१

बडोद्याची नोकरी सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या अखेरीस मुंबईला परतले. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हा प्रसंग आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. त्याच्या नंतरचा एक प्रसंग मात्र जयंतीच्या भाषणांतून फारसा सांगितला जात नाही. पोटापाण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस सल्ला देणार, म्हणून लोक येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच येणारे थांबले आणि पेढी बंद पडली. सल्ला खोटा ठरला म्हणून हे घडले नाही. सल्ला तपासण्याची गरजच कोणाला वाटली नाही; जात तपासली आणि काम भागले.

यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी आपल्या नांदेड-लातूर भागात याच्या उलट चित्र दिसू लागले. ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीचा एजंट वस्तीत येतो. तो कोण असतो? आपल्याच भावकीतला, बी.ए. किंवा डी.एड. होऊन नोकरीवाचून बसलेला तरुण. त्याला ‘जयभीम’ घालून चहा दिला जातो. कंपनी काय करते, पैसा कोठे गुंतवते, हिशेब कोण तपासतो, हे त्याला कोणी विचारीत नाही. कारण मुलगा आपला असतो. जातीने एके ठिकाणी लायक माणसाला विश्वास नाकारला आणि दुसरीकडे नालायक कंपनीला तो फुकट मिळवून दिला. दोन्ही ठिकाणी कागद कोणी वाचला नाही.

पैशाच्या व्यवहारात विश्वास कशावर ठेवावा, हा प्रश्न आज जगभरच्या सरकारांनी काही लेखी मापदंडांनी सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. ते मापदंड काय आहेत, भारताने ते किती पाळले आणि या पालनाचा मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या शेतमजुराशी काय संबंध आहे, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

२

वेगवेगळ्या देशांतील शेअरबाजारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळांची एक जागतिक संघटना आहे. तिचे नाव आयोस्को. १९८३ साली तिला आजचे जागतिक स्वरूप आले आणि तिचे मुख्यालय माद्रिद येथे आहे. या संघटनेने १९९८ साली रोख्यांच्या नियमनाची तीस तत्त्वे ठरवली. २००८ च्या अमेरिकेतील आर्थिक कोसळणीनंतर २०१० साली त्यांत भर पडून ती अडतीस झाली. या सर्वांमागे तीन उद्दिष्टे आहेत : गुंतवणूकदाराचे रक्षण, बाजारातील सचोटी व पारदर्शकता, आणि एकाच्या बुडण्याने सगळी व्यवस्था बुडू नये याची काळजी. उद्दिष्टांत पहिला क्रमांक गुंतवणूकदाराच्या रक्षणाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

तत्त्वांचा तपशील रोजच्या भाषेत सांगायचा तर असा : देखरेख करणारे मंडळ स्वतंत्र असावे आणि त्याला पुरेसे अधिकार, पैसा व माणसे असावीत. त्याला तपास करता यावा, हिशेबाच्या वह्या मागवता याव्यात आणि शिक्षा देता यावी. जो कोणी लोकांकडून पैसा मागतो त्याने आपली खरी स्थिती वेळेवर व पूर्ण उघड करावी. लोकांचा पैसा एकत्र करून गुंतवणाऱ्याने तो पैसा स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळा ठेवावा. आणि २०१० मध्ये आलेले एक तत्त्व असे की, नियमनाच्या कुंपणाबाहेर काय वाढते आहे याची मंडळाने वेळोवेळी पाहणी करावी. हे शेवटचे तत्त्व आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. कुंपण, गावकूस आणि त्याच्या बाहेरची माणसे ही भाषा आपल्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. ती न पाळणाऱ्या देशावर खटला भरता येत नाही. परंतु १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी देशोदेशींच्या वित्तव्यवस्थेची तपासणी सुरू केली आणि तीत हीच तत्त्वे मोजपट्टी म्हणून वापरली जातात. भारताचा असा तपशीलवार अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक तत्त्वाला शेरा मिळतो : पूर्णतः अमलात, बहुतांशी अमलात, अंशतः अमलात, किंवा अमलात नाही. कायदा पुस्तकात असणे पुरेसे धरले जात नाही. तो प्रत्यक्ष चालतो काय, हे पाहिले जाते.

या मोजपट्टीचे महत्त्व मराठवाड्याला पटवून द्यायला नको. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्या ठरावासाठी नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना प्राण द्यावे लागले, गावेच्या गावे पेटली. आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही नामविस्तार म्हणून. ठराव आणि अंमल यांच्यामध्ये किती वर्षे आणि किती माणसे जातात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? घटनेच्या सतराव्या कलमाला या चारपैकी कोणता शेरा द्यायचा, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या गावापुरता स्वतःला विचारावा.

३

भारताची प्रगती नाकारण्याचे कारण नाही. १९९२ पर्यंत कोणत्या कंपनीने किती भांडवल कोणत्या भावाने उभारावे, हे दिल्लीतील एक नियंत्रक ठरवीत असे. १९८८ साली सेबी, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, स्थापन झाले. पण त्याला कायद्याचे बळ मिळाले ते १९९२ साली. त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले आणि दात नसलेला पहारेकरी काय कामाचा, हे देशाला कळले. पुढे १९९६ च्या कायद्याने कागदी शेअर जाऊन संगणकातील खाती आली. २००३ साली सेबीने आयोस्कोच्या बहुपक्षीय करारावर सही केली. त्यामुळे परदेशांतील मंडळांशी तपासाची माहिती देण्याघेण्याचा मार्ग खुला झाला. जानेवारी २०२३ पासून तर शेअरचा व्यवहार झाल्यावर दुसऱ्याच कामाच्या दिवशी पैसे व शेअर हातात पडतात. अमेरिकेने ही मजल मे २०२४ मध्ये गाठली.

उणिवाही आहेत. सेबीच्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने केंद्र सरकार मंडळाला धोरणविषयक आदेश देऊ शकते आणि सतराव्या कलमाने मंडळच बरखास्त करू शकते. मंडळाच्या स्वातंत्र्याच्या तत्त्वाशी हे कितपत जुळते, हा प्रश्न उरतोच. तरीही वांद्रे-कुर्ला संकुलातून पाहिले तर भारत चांगल्या विद्यार्थ्यांत बसतो.

येथे एखादा कार्यकर्ता विचारील, की हे सारे परदेशी भांडवलाला घर सुरक्षित वाटावे म्हणून चालले आहे. भूमिहीनाला त्याचे काय? शंका गैर नाही. १९९२ च्या सप्टेंबरात परदेशी संस्थांना आपला बाजार खुला झाला आणि मापदंडांची निकड त्यांच्यासाठीच अधिक होती. परंतु नियम कोणासाठी केला गेला यापेक्षा तो कोणाला वापरता येतो, हे आपण पाहावे. ‘रुपयाचा प्रश्न’ हा बाबासाहेबांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला नियमाचे बंधन हवे, हे त्यातील एक मुख्य प्रतिपादन आहे. मर्जी ही नेहमी बळकटाच्या बाजूने झुकते. म्हणून दुबळ्याला नियम लागतो.

४

आता आपल्या अंगणात येऊ. शेळी ही गरिबाची गाय आहे. समजा, एका कंपनीने सांगितले, ‘तुम्ही महिन्याला दोनशे रुपये द्या, आम्ही त्यातून शेळ्या घेऊ, पाळू, विकू आणि पाच वर्षांनी नफ्यासह पैसे देऊ.’ हा शेळीचा व्यवहार आहे की रोख्याचा?

सेबीच्या कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने आलेल्या एका कलमात याचे उत्तर आहे. चार गोष्टी पाहावयाच्या. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात काय? लोक नफा, उत्पन्न, उत्पादन किंवा मालमत्ता मिळण्याच्या आशेने पैसे देतात काय? पैशाचा कारभार त्यांच्या वतीने दुसराच कोणी पाहतो काय? रोजच्या कारभारावर त्यांचा ताबा नाही, असे आहे काय? चारही उत्तरे ‘होय’ आली, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना होय. मग वस्तू शेळी असो, सागाचे झाड असो वा जमिनीचा तुकडा असो. अशी योजना सेबीकडे नोंदणी केल्याशिवाय चालवता येत नाही. महिलांचा बचत गट यात बसत नाही. कारण तेथे दहा-पंधरा जणी दर महिन्याला एकत्र बसतात, वही उघडतात आणि कोणाला कर्ज द्यायचे ते स्वतः ठरवतात. ताबा त्यांचा असतो.

हे उदाहरण कल्पनेतले नाही. पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीने शेळ्या व जनावरांच्या नावावर ठेवी घेतल्या. २०१३ साली सेबीने ही नोंदणी नसलेली सामूहिक योजना असल्याचे सांगून पैसे गोळा करण्यास मनाई केली. कंपनीच्या प्रमुखाला डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली. किती ठेवीदारांनी आपल्या नावची शेळी डोळ्यांनी पाहिली होती?

याहून मोठे प्रकरण पर्ल्स, म्हणजे पीएसीएल कंपनीचे. ही कंपनी हप्त्याने पैसे घेई आणि शेतजमीन देण्याचे आश्वासन देई. जमीन कोठे आहे, हे पैसे देणाऱ्याला ठाऊक नसे. सेबीने १९९९ च्या नियमांनंतर तिला नोटीस दिली. कंपनी न्यायालयात गेली. २००३ साली राजस्थान उच्च न्यायालयाने ही सामूहिक योजना नव्हे असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला २०१३ साली. सेबीचा पैसे परत करण्याचा आदेश आला ऑगस्ट २०१४ मध्ये. तोवर सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा झाले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले. लहान रकमांपासून टप्प्याटप्प्याने परतफेड सुरू झाली. २०२४ संपेपर्यंतही ती पुरी झालेली नव्हती.

शेअर विकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात आणि जमिनीच्या आशेने हप्ते भरणारी बाई दहा वर्षे वाट पाहते. दोघेही एकाच कायद्याखालचे गुंतवणूकदार आहेत.

यात आणखी एक दुःख आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये आपल्या लोकांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. सरकारने पडीक जमीन द्यावी, एवढीच मागणी होती. ती भूक तशीच राहिली. त्या भुकेला कंपनीने हप्त्याचे पुस्तक दाखवले. लोक अज्ञानामुळे फसले असे शहाणी माणसे म्हणतात, तेव्हा ही भूक त्यांच्या हिशेबात नसते.

५

ज्यांच्या सातबाऱ्यावर काही नाही त्यांना बँक दारात उभे करीत नाही. ऊसतोडीची उचल दसऱ्याच्या सुमारास एकदम हातात येते. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट भागांतील टोळ्या कारखान्याकडे निघतात. घर बंद, पैसा ठेवायचा कोठे? अशा वेळी दारात येऊन पावती देणारा माणूस गरजेचाच वाटतो. म्हणजे कंपनीने जी जागा बळकावली ती रिकामी होती. ती कोणी रिकामी ठेवली, हा प्रश्न नियमनाच्या अहवालांत येत नाही.

दुसरी गोष्ट पळवाटांची. वर सांगितलेल्या कलमातच काही अपवाद आहेत : सहकारी संस्था, चिट फंड, निधी कंपन्या, विमा, बिगर-बँक वित्तसंस्थांच्या ठेवी वगैरे. यांवर देखरेख करणारे निराळे आहेत. राज्यातील पतसंस्था सहकार खात्याकडे, बहुराज्य संस्था दिल्लीतील केंद्रीय निबंधकाकडे, बिगर-बँक कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे. कागदावर ही वाटणी स्वच्छ आहे. पण पैसे गोळा करणाऱ्याला एका दारातून हाकलले, की तो दुसऱ्या दाराने आत येतो. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांना ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकांचे पैसे पंधरा टक्के व्याजाने परत करण्याचा आदेश दिला. त्याच समूहाच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी २०२३ साली वेगळी परतफेड सुरू करावी लागली. आपल्या शेजारी बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखा २०२३ च्या अखेरीस बंद पडल्या आणि मराठवाड्यातील ठेवीदार रस्त्यावर आले. या संस्थांची नावे ‘बँक’ वाटावीत अशी, दारावर सहकाराची पाटी. सेबी म्हणेल, हे आमच्या कुंपणात नाही. आयोस्कोच्या त्या कुंपणाच्या तत्त्वाची खरी परीक्षा मुंबईच्या बाजारात होत नाही, ती येथे होते.

कायदे नाहीत असे मात्र नाही. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा १९९९ चा आहे. त्याखाली संस्थेची व चालकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांत वाटता येते. केंद्राने २०१९ साली अनियंत्रित ठेवी योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानुसार अशी योजना चालवणेच नव्हे, तिची जाहिरात करणे हाही गुन्हा आहे. उणीव अंमलाची आहे आणि भाषेचीही. पर्ल्सच्या परतफेडीसाठी २०१९ साली दावे मागवले गेले ते संगणकावर. पॅन कार्ड, मूळ प्रमाणपत्र, बँक खाते, सर्व नावे जुळलेली. पावतीवर ‘सखुबाई’, आधारवर ‘सखूबाई’ आणि पॅन मुळातच नाही, अशा बाईने काय करावे? हक्क मिळाला, पण तो बजावण्याची पायरी तिच्या उंबरठ्यापेक्षा उंच होती.

६

मग कार्यकर्त्याने, शिक्षकाने काय करावे? शिबिरांतून आपण घटनेची कलमे समजावून देतो. त्याच शिबिरात अर्धा तास पावतीला द्यावा. पावतीवर संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक काय आहे? नोंदणी कोणाकडे आहे : सेबी, रिझर्व्ह बँक की निबंधक? केवळ कंपनी म्हणून नोंद असणे हा ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. पैसे कोठे गुंतवले जातात आणि हिशेब कोणी तपासला? बँकेच्या व्याजाहून दुप्पट-तिप्पट देण्याइतका नफा येतो कोठून? हे प्रश्न एजंटला विचारावेत, तो सख्खा पुतण्या असला तरी. संस्था बुडाल्यावर मूळ पावत्या कोणाच्याही हवाली करू नयेत. त्यांच्या प्रती काढाव्यात, गावातील सर्वांची एकत्र यादी करावी आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे ठेवीदारांच्या कायद्याचे नाव घेऊन तक्रार द्यावी. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे.

एजंट झालेल्या मुलाचाही विचार झाला पाहिजे. संस्था पळाल्यावर लोकांचा राग त्याच्या दारात येतो. त्याने स्वतःच्या आईची बचतही त्यातच घातलेली असते. चालक दूरच्या शहरात असतो आणि वस्तीत भाऊ भावाच्या विरुद्ध उभा राहतो. समाजाची अशी फूट भरून यायला पैशाहून अधिक काळ लागतो. म्हणून त्याला मारून भागत नाही. त्याच्याकडची वही, नावे आणि कमिशनच्या नोंदी हा खटल्यातला पुरावा आहे. त्याला साक्षीदार करावे.

मागण्याही नेमक्या हव्यात. ठेवी आणि गुंतवणुकीविषयीचे आदेश मराठीत निघावेत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. परतफेडीचे अर्ज भरून घेण्याची सोय तहसील कार्यालयात असावी. परवाना कोणाचा हे न पाहता लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या प्रत्येकाची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी जाहीर करावी. आंतरराष्ट्रीय मापदंडांत जे कुंपणाची पाहणी म्हणून सांगितले आहे, त्याचे तालुक्याच्या पातळीवरचे रूप हेच आहे.

बुद्धाने कालामांना केलेला उपदेश आपल्या विहारांतून वाचला जातो. परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मान्य करू नका. स्वतः तपासा, हे त्याचे सार. रोख्यांचा कायदा, त्याची किचकट भाषा बाजूला ठेवली, तर याच्या जवळचीच गोष्ट सांगतो : माणूस कोण आहे हे पाहून पैसे देऊ नका, त्याने काय उघड केले आहे ते पाहून द्या. जन्मावर ठेवलेला विश्वास ही जातीची रीत आहे. तपासून ठेवलेला विश्वास ही समतेची. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत लोकांनी ही दुसरी रीत पाळली असती, तर ती छोटी पेढी चालली असती. आज आपल्या वस्तीत ती पाळली गेली, तर पुष्कळ पेढ्या चालणार नाहीत.